बिननंबरचा दगड

आमच्या क्वार्टरच्या मागे एक टेकडी होती. मद्रासजवळ पल्लावरमला रेल्वेच्या रुळांपासून पूर्वेला गेलं की अशा पाच-सहा टेकड्या लागतात. त्यांतली आमच्या मागची सगळ्यांत बुटकी. तिच्यामुळे आमच्या अंगणात ऊन उशिरा यायचं. पलीकडच्या ओळीतल्या बायकांचे पापड वाळत आले तरी माझे ओलेच असायचे.

तिला धड नाव नव्हतं. दूधवाली तिला कल्लुमलै म्हणायची, म्हणजे दगडाची टेकडी. पण शेजारच्या दोन टेकड्यांनाही ती तेच म्हणायची. विमानतळावर कामाला जाणारे लोक लाल दिव्याची टेकडी म्हणत, कारण विमानांना कळावं म्हणून माथ्यावर खांबाला लाल दिवा लावलेला होता. मागच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या मुसलमान बाई सांगायच्या, वर एका फकिराची बसायची जागा होती, म्हणून ती बाबांची टेकडी. मी यजमानांना विचारलं, खरं नाव कोणतं? ते म्हणाले, "आमच्या नकाशावर नाव नाही. नुसता उंचीचा आकडा आहे."

"मग हे लोक म्हणतात ते?"

"ते ऐकीव."

मी तिला 'मागची' म्हणायचे. मागचीवर धुकं आहे, मागचीवर गवत पेटलंय, असं.

यजमान केंद्र सरकारच्या एका ऑफिसात होते. तिथले साहेब रानोमाळ हिंडून जमिनीचे नकाशे करायचे, कुठे कोणता दगड आहे ते रंगाने दाखवायचे. यजमान साहेब नव्हते. साहेब बोट दाखवत, हे हातोड्याने तिथला तुकडा फोडून घेत, पिशवीत घालत, जीपपर्यंत वाहून आणत. सव्वीस वर्षं हेच काम. पण ऐकून ऐकून त्यांना बरंच कळायला लागलं होतं आणि ते सांगायला घरात मी एकटीच होते. आम्हाला मूलबाळ नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही मागचीवर जायचो. खालून वर अर्धा तास. पुढे हे, मागे मी. आधी बंद पडलेली खाण लागायची. खाणीच्या खड्ड्यात हिरवं-निळं पाणी साठलेलं असे, त्यात कुणी उतरत नसे. मग झुडपं. सातारकडे आम्ही ज्यांना उन्हाळी म्हणतो तीच गुडघाभर उंचीची, बारीक पानांची झुडपं. इथे तिला कोळिंजी म्हणतात. पाऊस संपून थंडी आली की तिला जांभळट फुलं यायची. एकेक फूल बघितलं तर काही नाही, वाटाण्याच्या फुलाएवढं. पण सगळे उतार भरून गेलेले असायचे. खालून बघितलं तर टेकडीवर कुणी जुनं विटकं लुगडं वाळत घातलंय असं वाटे.

माथ्यावर सपाट खडक होता. तिथे बसलं की पश्चिमेला रूळ, मोठा रस्ता आणि त्यापलीकडे विमानांची धावपट्टी, पट्टीने ओढल्यासारखी. विमान उतरायला आलं की त्याची पाठ दिसायची. पूर्वेला तळं, त्याच्या पलीकडे वेलचेरीकडच्या नव्या इमारती. कंपन्यांत काम करणाऱ्या पोरांसाठी त्या तेव्हा भराभर उठत होत्या. दर महिन्याला एखादी वाढलेली दिसे. त्याच्याही मागे समुद्र, म्हणजे एक फिकट रेघ. दक्षिणेकडच्या टेकड्या खाणवाल्यांनी अर्ध्या खाल्लेल्या होत्या.

हे सांगायचे, "आपल्याकडचा काळा कातळ वेगळा. तो वरून वाहत आला आणि थिजला, थरावर थर. म्हणून आपले डोंगर वरून सपाट. हा दगड तसा नाही. हा फार खोल, मैलच्या मैल खाली, नुसत्या उष्णतेने शिजलेला आहे. आपल्या कातळापेक्षा किती तरी म्हातारा."

"मग वर कसा आला?"

"तो वर आला नाही. त्याच्या वरचं सगळं झिजून गेलं."

हे मला नीट समजायला बरेच रविवार लागले.

आणखी एक गोष्ट ते सांगायचे. फार पूर्वी कुणा इंग्रज साहेबाच्या थडग्यासाठी इथला दगड कलकत्त्याला नेला होता. पुढे दुसऱ्या एका साहेबाने या जातीच्या दगडाला त्या मेलेल्या साहेबाचंच नाव दिलं. "टेकडीला नाव नाही, पण दगडाला आहे, ते पण मेलेल्या माणसाचं," असं म्हणून हे एकटेच हसायचे.

दगड आणला की त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, तो वाळला की काळ्या शाईने नंबर घालायचा, आणि तोच नंबर पिशवीवर. वहीत नंबरापुढे जागा. कुठल्या गावाजवळ, ओढ्याच्या कोणत्या अंगाला. कधीकधी दौऱ्यावरून येताना उशीर झाला की पिशव्या आमच्याच अंगणात उतरवत, आणि नंबर मी घालायचे. चौथीपर्यंतच शिकले, पण आकडे मला चांगले येतात. एकदा एका तुकड्याचा नंबर पुसला गेला. मला तो चांगला निळा दगड टाकवेना. हे म्हणाले, "कुठला ते माहीत नसेल तर तो दगड ऑफिसच्या उपयोगाचा नाही. मागे टाकून दे."

त्या वर्षी पोंगल होऊन आठवडा झाला होता. सकाळी दाढी करून हे खुर्चीवर बसले. मी चहा आणला तर मान एका बाजूला. मी कप टेबलावर ठेवला. मग शेजारणीकडे जाऊन काय सांगायचं ते मला सुचेना, तर मी तिला म्हणाले, "जरा येता का?" ती हात पुसत आली आणि तिनेच आरडाओरडा केला.

दीर सातारहून यायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. तोवर काचेच्या झाकणाच्या बर्फाच्या पेटीत हे बाहेरच्या खोलीत होते. पेटीचं मशीन घूं करत राहायचं. बायका येऊन बसल्या, तमिळमध्ये रडल्या. मला रडू आलं नाही. मला एवढंच वाटत होतं की या वायरवर पाय पडायला नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिरांनी अग्नी दिला. मुलगा नसला की धाकटा भाऊ करतो. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मी घरीच होते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहिते. चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडाने भोक पाडतात तो दगड टाकत नाहीत. त्याला जीवखडा म्हणतात. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्याच्या आश्रयाने राहतो असं मानतात. दहाव्याला त्याच्यावर तिळाचं पाणी देतात, पिंड ठेवतात, मग तो पाण्यात सोडतात. तोवर तो घरात आणायचा नाही आणि हरवायचा नाही.

दीर स्मशानातून आले ते अंगणाच्या दारातच थांबले. मूठ मिटलेली. म्हणाले, "वैनी, एखादं फडकं द्या. हे कशात तरी बांधून ठिवलं पाहिजे."

मी फडकं बघायला वळले. समोर खिळ्याला ऑफिसच्या रिकाम्या पिशव्या टांगलेल्या होत्या. जाड पांढऱ्या मांजरपाटाच्या, तोंडाला नाडी असलेल्या. नवी, कोरी, काही न लिहिलेली एक काढून मी त्यांना लांबूनच दिली. त्यांनी दगड आत टाकला, नाडी ओढली आणि पिशवी मागच्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवली. कोनाड्याच्या खालीच ऑफिसचे दगड रचलेले होते. मी तो दगड पाहिलासुद्धा नाही. तेव्हा मला यात काही चूक वाटली नाही. स्वच्छ होती म्हणून दिली.

त्यानंतर दोन दिवसांनी ऑफिसची जीप आली. यजमानांबरोबर वीस वर्षं काम केलेले एक गृहस्थ होते, मला अण्णी म्हणजे वहिनी म्हणायचे, आमच्याकडे पुरणपोळीला यायचे. बरोबर दोन मजूर. दीर आंघोळीला गेले होते. ते गृहस्थ दाराबाहेर उभे राहून, मान खाली घालून म्हणाले, "अण्णी, या वेळी येऊ नये, पण साहेबांना रिपोर्टसाठी दगड पाहिजेत. ऑफिसचे कोणते?"

मी दाराआड होते. मला परक्यांशी बोलायला आधीपासूनच जमत नाही, आणि त्या दिवसांत तर तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून पाणी शेंदल्यासारखं. लवकर जावेत एवढंच मला हवं होतं. मी म्हणाले, "पिशवीतले सगळे ऑफिसचे."

ते घेऊन गेले.

दुपारी मागचं दार आपटलं. वारा आला की ते आपटतं, म्हणून त्याला एक काळा दगड लावलेला असायचा. पुन्हा आपटलं. मी उठून बघितलं तर दगड नाही. मजुरांनी तोही उचलला होता. मी भिंतीकडे बघितलं. कोनाडा रिकामा होता.

मी दाराला पाट लावला आणि भात टाकला.

तीन दिवस मी कुणाला सांगितलं नाही. दीर रोज सकाळी मागच्या दाराशी उभे राहून कोनाड्याच्या दिशेने हात जोडत. जवळ जात नसत. मी मागे उभी राहून बघायचे. ते डोळे मिटून काही पुटपुटत, मग म्हणत, "दादा, शांत ऱ्हा." एकदा मला म्हणाले, "वैनी, तुमी बी जोडा हात." मी जोडले. समोर नुसती भिंत.

भीती वाटत होती असं नाही. दहाव्याला काय होणार ते दिसत होतं. पिशवी काढायला जातील, नसेल. पण ते सगळं काचेपलीकडे होतं. एकच गोष्ट मधूनमधून टोचायची. हे कुठे असतील? त्या पिशवीत असतील, तर जीपमधून गेले.

सातव्या दिवशी संध्याकाळी दीर म्हणाले, "उद्या भटजी येणारेत सामान सांगायला. जीवखडा जरा खाली काढून ठिवतो, वाऱ्यानं पडायचा."

मी म्हणाले, "तो तिथे नाही."

"म्हंजी?"

"ऑफिसात गेला."

त्यांना वाटलं मला भ्रम झालाय. मग मी सगळं सांगितलं, पिशवी मी दिली, पिशवीतले ऑफिसचे असं मीच म्हणाले. दीर ओरडले, "आवं वैनी, माणूस आपलं सोनं विसरंल, ही चीज कशी विसरंल? तीन दिस मला भिंतीच्या पाया पडाय लावलंत!" ओरडणं शेजारी ऐकू जात होतं. मी ऐकत होते. ते म्हणत होते ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने आम्ही ऑफिसच्या गोडाऊनला गेलो. सुतकात बाईने जायचं नसतं, पण दिरांना तमिळचा एक शब्द येत नव्हता. बोलायला मीच पाहिजे होते. मी, जी भाजीवालीशीसुद्धा बोट दाखवून व्यवहार करते.

ते गृहस्थ भेटले. मी सांगताना अडखळले. शेवटी "अवरु कल्लु" एवढंच निघालं, त्यांचा दगड. त्यांना कळलं. त्यांच्यातही मेल्यावर दगडाचा विधी असतो. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, मजुराला हाक मारली. पिशव्या त्याच दिवशी रिकाम्या केल्या होत्या. नंबरवाले दगड लाकडी ट्रेमध्ये ओळीने लावलेले. मजुराने दिरांना मोडक्या हिंदीत विचारलं, "नंबर क्या है?"

"नंबर?" दीर माझ्याकडे वळले. "वैनी, ह्यो काय इचारतोय? जीवखड्याला कुठं नंबर असतो व्हय?"

नंबर नसलेले त्याने मागे टाकले होते. आम्ही मागे गेलो. गोडाऊनच्या मागच्या भिंतीला लागून ढीग होता, माणसाच्या छातीइतका उंच, वीस-पंचवीस पावलं लांब. वर्षानुवर्षांचे बिननंबरचे दगड. वर शेवग्याची पानं पडलेली, एक मांजर बसलेलं.

"तुम्ही पाहिलाय का तो?" मी विचारलं.

"पाह्यलाय म्हंजी? ह्या हातात धरलावता." दीर ढिगाभोवती फिरले, वाकले, दोन-चार उचलले, टाकले. मग एकदम पुढे झाले आणि दोन्ही हातांनी एक दगड उचलून छातीशी धरला. काळा, ओबडधोबड, त्यात पांढरे बारीक खडे. "ह्योच," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "ह्योच. वळकला मी."

त्या गृहस्थांनी सुटकेचा श्वास सोडला. मजूर हसला. मांजर उतरून गेलं.

तो आमच्या मागच्या दाराचा दगड होता. यजमानांनी एका दिवाळीला गावाकडच्या शेताच्या बांधावरून पिशवीतून आणलेला, आपल्याकडचा काळा कातळ. असा दगड मद्रासेत शोधूनही मिळायचा नाही. दिरांच्या हाताला तो ओळखीचा लागला, कारण जन्मभर ते त्याच दगडाला ठेचकाळत आलेले. दगड म्हटला की त्यांच्या मनात तोच येणार.

सगळे परत निघाले होते. मी गप्प बसले असते तर तिथेच मिटलं असतं. दीर समाधानी होते, दहावा नीट पार पडला असता. मोठ्या माणसांदेखत दिरांना खोटं पाडणं मला जन्मात जमलं नसतं. पण ज्याला तीन दिवस हात जोडले ती भिंत होती, आणि आता ज्याला पाणी देणार तो दाराचा दगड. हे कुठे होते?

"भावजी, हा नव्हे," मी म्हणाले.

"काय?"

"हा आपल्या दाराला लावायचा दगड आहे."

"तुमाला काय ठावं? तुमी पाह्यलावता का तो?"

"नाही पाहिला. पण हा इथला नाही. हा आपल्याकडचा आहे. तुमच्या चिंचेजवळच्या बांधावरचा."

दिरांनी दगड वर करून बघितला. उलटा केला. त्याच्या एका बाजूला आमच्या दाराचा हिरवा रंग घासून लागला होता. ते तिथल्याच एका खोक्यावर बसले, दगड मांडीवर. मग म्हणाले, "मी नाय बघितला वैनी. त्या मानसानं हातात दिला, मी मारला. डोळ्याम्होरं नुसता धूर हुता. कसला हुता, काळा का गोरा, काय सांगू?"

म्हणजे तो कुणीच पाहिलेला नव्हता.

दुपारी भटजी आले. तंजावरकडचं मराठी कुटुंब, बँकेतून निवृत्त झालेले, इकडच्या मराठी लोकांचं सगळं तेच करायचे. त्यांचं मराठी पोथीतल्यासारखं जुनं आणि चाल तमिळची. दिरांनी खाली मान घालून सांगितलं. मला वाटलं आता ते उठून जातील.

ते म्हणाले, "इतकंच होय? दगड हरवला तर दुसरा घ्यावा, अम्मा. त्याला मंत्र आहे. प्रायश्चित्त आहे. पहिल्या दिवसापासूनचं पाणी पुन्हा त्यावर द्यावं. लिहून ठेवणाऱ्यांना ठाऊक होतं, दगड हरवणारी माणसं जन्मास येणार."

"आनि जीव?" दिरांनी विचारलं. "जीव त्या पयल्यात ऱ्हायला तर?"

"तो शहाणा आहे. हाक मारू तिकडे येईल. ऑफिसात नोकरी केली न? ट्रान्सफर ठाऊक आहे त्याला."

दीर हसले, आठ दिवसांत पहिल्यांदा. मग म्हणाले, "तर मग ह्योच घेऊ की. काळा. गावचा हाय. दादाला गावचाच दगड बरा."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. तो दगड आणला त्या दिवाळीत मी पांढऱ्या रंगाची डबी घेऊन बसले होते आणि विचारलं होतं, यावर काय लिहू? हे म्हणाले होते, यावर काही लिहायचं नाही, हा घरातला आहे. एवढं सगळं मला सांगता येईना.

"तो दाराला लागतो," मी म्हणाले.

भटजी म्हणाले, "मग घरच्याच माणसाने दुसरा आणावा. स्वच्छ जागेचा. उद्या."

नवव्या दिवशी सकाळी मी आणि दीर मागचीवर गेलो. मी पुढे, ते मागे. यजमानांचा हातोडा दिरांच्या खांद्यावर. ते सारखे थांबत होते. नांगर धरणारा माणूस, पण या उताराला त्यांना दम लागला. कोळिंजी फुललेली होती. आमच्या पायांना, माझ्या साडीला तिच्या शेंगा घासत होत्या. मला सगळं दिसत होतं. आधीही दिसायचं तसंच. फक्त ते कुणाला तरी सांगावं असं वाटत नव्हतं.

खाणीशी दीर म्हणाले, "हितं एवढी खडी पडलीया. एक घिऊ."

"सुटा नको. सुटा कुठूनही आलेला असतो. जागचा पाहिजे."

"ह्ये कुनी सांगितलं?"

मी तशीच पुढे चढत राहिले.

माथ्यावर पोचलो तेव्हा खाली एक विमान उतरत होतं. दीर त्याच्या पाठीकडे बघत राहिले. "दादा हितं येऊन काय करायचा?"

"बसायचे."

"आनि तुमी?"

"मी पण."

मी सपाट खडकाची कड दाखवली. दिरांनी हातोडा उचलून उभा घातला. तो उसळून परत आला. पुन्हा घातला, ठिणगी उडाली, दगडाला काही नाही. "आयला, लोखंड हाय का काय!"

"उभा नको. कडेला, तिरका. फट आहे तिथे."

चौथ्या घावाला कपची उडाली. मुठीएवढी. बाहेरचा रंग तपकिरी, मळकट, आणि फुटलेलं अंग निळसर, तूप थिजल्यासारखं तकतकीत. दिरांनी तो उचलला नाही. मला म्हणाले, "तुमी उचला वैनी. ह्या बारीला नीट बघून घ्या."

मी उचलला. बघितला. जड होता. फोडल्यामुळे एका बाजूला कोमट लागत होता. मला वाटलं होतं, हातात घेतल्यावर काहीतरी होईल. झालं नाही. मी तो पदरात बांधला.

"ह्याच्यावर नंबर घालायचा का?" उतरताना दीर म्हणाले. ते थट्टेने म्हणाले की मनापासून, मला समजलं नाही.

"उद्या पाण्यात जाणार आहे," मी म्हणाले.

समुद्राकाठी दहावा झाला. मी लांब, बायकांत उभी होते. भटजींनी दिरांना पहिल्या दिवसापासूनचं पाणी मोजून द्यायला लावलं. ओला झाल्यावर दगड काळाच दिसायला लागला. पिंड मांडला आणि लोक मागे सरकायच्या आत कावळा येऊन घेऊन गेला. दीर हमसून रडले. "पोचलं! दादाला पोचलं!" शेजारीण माझा दंड दाबून म्हणाली, बघा, तुमच्या यजमानांची काही इच्छा राहिली नव्हती. त्या किनाऱ्यावर कावळे शेकड्यांनी असतात, मासळी वाळत असते. दीर गुडघाभर पाण्यात गेले आणि तो दगड त्यांनी सोडला.

तेरावा करून ते गावी गेले. चला म्हणाले, मी नंतर येते म्हणाले.

पण मला ते पटलेलं नव्हतं. मंत्र म्हटले, हाक मारली, सगळं खरं. पण माणूस घाईघाईत पत्ता बदलतो का? वीस वर्षं ज्यांच्याबरोबर दगड वाहिले, त्यांच्याच जीपमधून हे गेले असतील तर तिथे उतरले असतील आणि वाट बघत असतील, अजून कुणी पाणी कसं देत नाही.

फाल्गुन लागल्यावर एका सकाळी मी बसने एकटी गोडाऊनला गेले. त्याआधी एकटी मी बसने कुठे गेले नव्हते. बरोबर दोन बाटल्या पाणी, त्यात तीळ घातलेले. पहारेकऱ्याने मला ओळखलं नाही. काय पाहिजे विचारलं. मी मागच्या ढिगाकडे बोट केलं आणि म्हणाले, "तण्णी." पाणी. त्याला वाटलं मला प्यायला हवंय, त्याने नळ दाखवला. मी बाटली दाखवली. त्याने खांदे उडवले आणि सोडलं.

मांजर नव्हतं. ढीग होता तेवढाच होता. कोणता ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मी एका टोकापासून सुरुवात केली. थोडं थोडं ओतत, सगळ्यांवर जाईल असं. पहारेकरी येऊन मागे उभा राहिला.

"अम्मा, दगडांना पाणी घालून काय उगवणार?" तो तमिळमध्ये म्हणाला.

मी ओतत राहिले. दोन्ही बाटल्या ढिगाच्या निम्म्यातच संपल्या. मी नळाकडे बघितलं. त्याने बघितलं, बघितलं, आणि स्वतःच्या खुर्चीखालची प्लास्टिकची घागर आणून दिली. तीळ उरले नव्हते. उरलेल्या ढिगावर मी नुसतंच पाणी ओतलं, शेवटच्या दगडापर्यंत. मग घागर धुऊन त्याला परत दिली आणि परतीच्या बसला उभी राहिले.